गुरुवारी बिघडणारे संगणक

घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करणाऱ्याला एक वाक्य सगळ्यात जास्त ऐकावं लागतं: ‘मी काहीच केलं नाही, आपोआप झालं.’ या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे धंद्याचं पहिलं शिक्षण. कीबोर्डची चार बटणं चालत नाहीत? कुणी काही केलेलं नसतं. पण कीबोर्ड उलटा केला की त्यातून चहा गळतो. मात्र लिनक्सच्या कर्नलचा मामला असला की मी हे शिक्षण बाजूला ठेवते. तिथे ते वाक्य बहुतेक वेळा शंभर टक्के खरं असतं. घरातल्यांनी खरोखर काही केलेलं नसतं. केलेलं असतं संगणकानं, आणि तेही आठ-पंधरा दिवस आधी, भल्या सकाळी, घर अजून झोपेत असताना.

पुण्यात माझ्याकडे अशी बरीच घरं आहेत. बहुतेकांनी लिनक्स काही तत्त्वाखातर घेतलेलं नाही. संगणक जुना, पण धडधाकट. विंडोज ११ त्याला चालत नाही, विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि नवा घ्यायचा तर पस्तीस-चाळीस हजार कशाला घालायचे, हा साधा सरळ हिशेब. काहींनी तो आधीच केला होता. निवृत्त प्राध्यापक, घरून भाषांतरं करणाऱ्या बायका, एका सोसायटीचं ऑफिस, दोन-तीन हौशी संगीतवाले. त्यांना मेल, मराठी टायपिंग, बँक आणि यूट्यूब एवढं चाललं की झालं. कर्नल नावाची काही वस्तू आपल्या टेबलावर आहे याची त्यांना कल्पनाही नसते, आणि नसावीच. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवर कुणी कधी लिहायचं, पडद्यावरचं चित्र, आवाज, वाय-फाय, प्रिंटर, हे सगळं सांभाळणारा तो सगळ्यात आतला प्रोग्राम. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये विद्यार्थिदशेत तो लिहायला घेतला. आता त्याच्या सुमारे ४ कोटी ओळी झाल्यात, त्यातल्या निम्म्याहून जास्त नुसत्या ड्रायव्हरांच्या, आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते.

घरातल्या संगणकापर्यंत हे सगळं गाळून, तपासून, उशिरा येतं. पण येतं. डेबियनच्या घराण्यातल्या वितरणांत आपोआप अपडेट करणारी यंत्रणा चालू असेल तर तिची ठरलेली वेळ सकाळी सहाची, आणि सगळ्या जगानं एकदम सर्व्हरवर धाड घालू नये म्हणून त्यात तासाभरापर्यंतचा उशीर धरलेला. सहा ते सातच्या मध्ये नवा कर्नल येतो आणि बूटच्या फोल्डरमध्ये जुन्याच्या शेजारी जाऊन बसतो. जुना हलत नाही. तो तर मेमरीत चालूच असतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत नव्याला कुणी विचारतही नाही. कोपऱ्यात एक छोटी सूचना येते, ‘रीस्टार्ट करा’ म्हणून. ती बघून न बघितल्यासारखं करण्यात आपली मंडळी पटाईत.

‘शेवटचा बंद कधी केला होतात?’ हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर ठरलेलं: ‘अगं, रोज रात्री बंद करते की!’ मग संगणकाच्या नोंदी बघाव्यात तर हे महाशय दोन महिने अखंड जागे. काकू रोज रात्री बंद करतात तो मॉनिटर. बटण दाबलं, पडदा काळा झाला, दिवा मालवला. खोटं कुणीच बोलत नसतं.

असा आठवडेच्या आठवडे न झोपलेला संगणक बंद होतो तो वीज जाते तेव्हा. आमच्याकडे दुरुस्तीसाठीची वीजबंदी यायची ती गुरुवारी. सकाळी लाईट जाते, दुपारनंतर येते, माणूस बटण दाबतो, आणि आठ दिवसांपूर्वी येऊन बसलेला नवा कर्नल पहिल्यांदा उठतो. उठताना कशाला तरी अडखळला, की माझा फोन वाजतो. माझ्या वहीत अशा तक्रारी गुरुवार संध्याकाळ ते शुक्रवार सकाळ या पट्ट्यात दाटीनं बसलेल्या आहेत. फोन करणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो: लाईट गेली त्यानं बिघडलं. डोळ्यांदेखत घडलेलं असतं, त्यामुळे ते खोटं पाडणं जड जातं. विजेच्या धक्क्यानं पॉवर सप्लाय जळतो हेही खरं, त्यामुळे दुकानदारांचाही पहिला तर्क तिकडेच धावतो.

२०२४ च्या सुरुवातीची, संक्रांत नुकतीच होऊन गेली होती तेव्हाची गोष्ट. सदाशिव पेठेतले एक सर, मराठीचे निवृत्त प्राध्यापक, एका शब्दसूचीचं काम वर्षानुवर्षं करत बसलेत. गुरुवारी वीज आली, संगणक सुरू केला, तर काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात एक लुकलुकणारी आडवी रेघ. कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा येऊन गेला होता. त्यानं ग्राफिक कार्ड जळाल्याचं निदान करून नव्याचा आकडाही सांगितला होता. मी गेले तेव्हा सरांचा चेहरा घरातलं माणूस दवाखान्यात असल्यासारखा. काकूंनी दारातच विचारलं, ‘एकटीच आलीस? तुझे साहेब नाही आले?’ साहेब कुणी नाहीतच, हे मी आता सांगायचं सोडून दिलंय.

अशा वेळी मी आधी कॅप्स लॉक दाबते. दिव्यानं बटणाचं ऐकलं, लागला आणि विझला, तर आतला कर्नल शाबूत आहे. काहीही दाबलं तरी दिवा ढिम्म, तर तो गोठलाय. जुन्या गोल पिनेच्या कीबोर्डवर दिवे आपले आपणच उघडझाप करत असतील, तर कर्नलनं हात टेकलेत, त्याला पॅनिक म्हणतात. सरांचा दिवा शहाण्यासारखा लागला आणि विझला. म्हणजे संगणक सुरू आहे, फक्त चित्र नाही. कंट्रोल, अल्ट आणि एफ-३ एकदम दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारायला आला. ग्राफिक कार्ड जळालेलं असतं तर ही अक्षरं तरी कुठून दिसली असती? मी सरांना म्हटलं, ‘तुम्हीच पासवर्ड टाका.’ त्यांनी दोन बोटांनी सावकाश टाकायला घेतला आणि थांबले. ‘अगं, उमटतच नाहीये. कीबोर्डपण गेला वाटतं.’ तिथे पासवर्डच्या जागी ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, पण आत नोंद होते. ‘न बघता टाका सर आणि एंटर मारा.’ उघडलं.

यानंतरचा भाग मला या कामात सगळ्यात आवडतो. ‘लास्ट रीबूट’ अशी एक साधी आज्ञा आहे. संगणक कोणत्या वारी, किती वाजता सुरू झाला, आणि सुरू होताना कोणता कर्नल होता, याची यादी ती ओळीनं दाखवते. सरांच्या यादीत वरची ओळ गुरुवार दुपारची, कर्नल ६.५. तिच्या लगेच खालची ओळ दिवाळीच्या आधीची, कर्नल ६.२. मध्ये काही नाही. मग अपडेटच्या नोंदवहीत बघितलं: ६.५ उतरवला गेला होता वीज जाण्याच्या बऱ्याच आधी, सकाळी साडेसहाच्या सुमाराला. सरांना तीन ओळी बोटानं दाखवल्या. आयुष्यभर पोथ्यांचे पाठभेद ताडून बघितलेला माणूस. चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘म्हणजे वीज ही फक्त निमित्त.’ मी इतक्या वर्षांत याहून नेमकं कधी बोलले नसेन.

आता जुन्या कर्नलवर परतायचं. संगणक सुरू होताना शिफ्ट दाबून धरायचं, नव्या मदरबोर्डांवर एस्केप, म्हणजे संगणक सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रामचा मेनू येतो. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ असं घाबरवणारं नाव आहे, पण आत फक्त कर्नलांची यादी असते. ६.२ निवडला. पडदा उजळला, मागे सरांच्या नातवाचा फोटो, शब्दसूची जागच्या जागी. दुरुस्ती अजून व्हायचीच होती, पण सरांच्या लेखी ती झाली. त्यांनी फाइल उघडून ‘क्ष’पर्यंत खाली जाऊन बघितलं, मगच चहा आला.

मग मूळ कारण. त्यांच्या ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर कंपनीचा बंद ड्रायव्हर होता. कर्नलच्या पोटात असलेले ड्रायव्हर कर्नलबरोबरच वाढतात. हा बाहेरचा. दर नव्या कर्नलच्या मापानं तो नव्यानं शिवून घ्यावा लागतो, आणि ते शिवणकाम डीकेएमएस नावाची यंत्रणा गुपचूप करते. तिला स्थिती विचारली तर ६.२ पुढे ‘इन्स्टॉल्ड’, ६.५ चं नावच नाही. शिवायला घेतलं होतं, पुरं झालं नव्हतं. का, ते तिच्या लॉगमध्ये होतं. शेकडो ओळींचा तो पसारा बघून लोक लॉग बंद करतात. खरं तर त्यात ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो एवढंच शोधायचं. त्याच्याखालच्या बाकीच्या चुका त्या पहिल्या चुकीच्या लेकी-सुना असतात. इथे पहिली ओळ सांगत होती की ‘ट्रिव्हियल ऑटो व्हार इनिट’ नावाचा पर्याय हे शिवणकाम करणाऱ्या कंपायलरला ओळखता येत नाही. नव्या कर्नलमध्ये सुरक्षिततेसाठी एक काळजी घेतलेली होती: कोड चालताना तात्पुरती वापरायची प्रत्येक जागा आधी शून्य करून घ्यायची. ती काळजी ज्या पर्यायातून मागितली जाते, तो जीसीसी या कंपायलरला १२ व्या आवृत्तीपासून कळतो. कर्नल घडवला होता जीसीसी १२ नं. सरांच्या घरात होता जीसीसी ११. संपलं. जीसीसी १२ बसवला, डीकेएमएसला पुन्हा कामाला लावलं, जुन्या प्रोसेसरवर ते रखडत रखडत झालं, आणि ६.५ वर पडदा आला.

‘काय बदललंस?’ काकूंनी विचारलं. ‘काही नाही, एक प्रोग्राम घातला.’ ‘विकत?’ ‘नाही, फुकट असतो.’ यापुढे पैसे मागणं किती अवघड होतं ते हार्डवेअर बदलणाऱ्याला कळायचं नाही. त्याच्या हातात दाखवायला जळालेलं कार्ड असतं. आमच्या हातात एक वाचलेली ओळ. सरांनी मात्र न विचारता पाकीट काढलं आणि दुकानातल्या मुलाचा आकडा माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘याच्यातले किती वाचले ते मला कळतं.’

चूक कुणाची, हा प्रश्न यात सुटत नाही. टोरवाल्ड्सचा एक कडक नियम जगजाहीर आहे: कर्नल बदलल्यामुळे वापरणाऱ्याचा चालू प्रोग्राम बंद पडता कामा नये. पण हा शब्द बाहेरच्या बाजूचा आहे. कर्नलच्या आतल्या रचनेबद्दल तसा कोणताही शब्द दिलेला नाही. उलट ग्रेग क्रोआ-हार्टमन, जे स्थिर आवृत्त्या सांभाळतात, त्यांनी लिहिलेलं एक टिपण कर्नलच्या दस्तऐवजांतच आहे. आतली रचना आम्ही गोठवणार नाही, का नाही, आणि तुमचा ड्रायव्हर टिकवायचा तर तो कर्नलमध्येच आणा, असं त्यात स्वच्छ सांगितलंय. कंपनी आणत नाही, तिची तिची कारणं असतात. या दोघांच्या ताणाताणीत सापडतो तो शब्दसूची करणारा माणूस. मला विचाराल तर माझं मत कर्नलवाल्यांच्या बाजूनं पडतं, आणि म्हणून कुणी जुना संगणक घ्यायला निघालं की मी एकच सांगते: ज्याच्या चित्राला आणि वाय-फायला बाहेरचा ड्रायव्हर लागत नाही असा घ्या. वाय-फायचं हेच दुखणं जास्त छळतं, कारण ते गेलं की दुरुस्तीचं सामान उतरवून घ्यायची वाटच बंद. तेव्हा फोन यूएसबीनं जोडून त्यातलं इंटरनेट वाटून घ्यायचं; त्याला लागणारे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात.

बूटचं फोल्डर भरणं हा दुसरा नेहमीचा आजार. डिस्क कुलूपबंद करून लिनक्स घातलं की बूटसाठी वेगळा छोटा कप्पा काढला जातो, आणि जुन्या इन्स्टॉलरांनी तो फारच हात आखडून काढलाय. दर कर्नलबरोबर सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं एक गाठोडं येतं, शंभर एमबीच्या आगेमागे. जागा संपली की नव्याचं गाठोडं अर्धवट राहतं, मग संगणक सुरू होताना ‘मूळ डिस्क सापडत नाही’ म्हणून पॅनिक. एका घरी इंजिनिअरिंगच्या पुतण्यानं यावर उपाय केला होता: बूटमध्ये जाऊन जुनी दिसली ती सगळी नावं हातानं पुसून टाकली. जागा झाली, पण पॅकेजांच्या वहीत ती अजून बसवलेलीच, आणि परतायला जुना कर्नल उरला नाही. ते घर मी पेनड्राइव्हवरून उभं केलं. जुने कर्नल काढायचे ते पॅकेजच्या आज्ञेनंच, आणि आता चालू असलेला कोणता ते ‘युनेम’ या आज्ञेला विचारून, तो सोडून.

या सगळ्यावरून वाटेल की कर्नल स्वतः कधी चुकत नाही. चुकतो. २०२२ च्या सप्टेंबरअखेर आलेल्या ५.१९.१२ मध्ये काही लॅपटॉपांचे पडदे असे फडफडायला लागले की पडद्यालाच इजा होईल, तो चालवू नका, असा इशारा खुद्द विकासकांना द्यावा लागला, आणि दुरुस्त ५.१९.१३ आठवडाभरात आला. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ च्या एक्स्ट-४ फाइलव्यवस्थेत डेटा खराब करणारी चूक निघाली. पुढच्या शाखेतली एक दुरुस्ती जुन्या शाखेत आणताना, जिच्यावर ती टेकलेली होती ती दुसरी दुरुस्ती आणायची राहिली होती. डेबियननं आपली १२.३ थांबवली आणि लगोलग १२.४ काढली. अशा चुकांचा माग काढायला, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये बायसेक्ट नावाची सोय आहे. चांगली आवृत्ती आणि वाईट आवृत्ती यांच्यामधल्या दहा-बारा हजार बदलांची दर वेळी निम्मी वाट कापत गेलं, की चौदा-एक चाचण्यांत नेमका बदल हाती येतो. मी हे एकदा माझ्याच लॅपटॉपवर केलं, झोपेतून उठताना त्याचा आवाज जायचा म्हणून. दर चाचणीला रात्रभर कर्नल घडवत ठेवायचा, सकाळी झाकण मिटून उघडून बघायचं. पण गिऱ्हाइकाच्या घरी हा थाट चालत नाही. तिथे मी जुना कर्नल सुरू करते आणि नव्याची वाट बघते.

मग लोक म्हणतात, ‘जुनाच पक्का करून टाक ना, नवे येऊच देऊ नकोस.’ तशी सोय आहे, ‘होल्ड’ लावता येतो. मला तो लावायला आवडत नाही. लावलेला होल्ड काढायची आठवण कुणालाच राहत नाही. मार्च २०२२ मध्ये ‘डर्टी पाइप’ नावाचं भगदाड उघड झालं: संगणकावरचा कुठलाही साधा वापरकर्ता, ज्या फाइली त्याला फक्त वाचायची मुभा आहे, त्यांच्यात लिहू शकत होता. ५.८ पासूनचे कर्नल त्यात सापडले. दुरुस्ती आली तीही अशीच एका सकाळी, गुपचूप. होल्ड लावलेल्या घरांत ती आली नसती. म्हणून नाइलाजानं लावलाच, तर कॅबिनेटवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवते. एका घरी त्या चिठ्ठीला हळदीकुंकू लागलेलं बघितलंय. दसऱ्याची पूजा.

हल्ली मी उलटा उपाय काढलाय. बुधवारी संध्याकाळी, मी घरी असते तेव्हा, सगळ्यांना एक निरोप जातो: मॉनिटर नव्हे, संगणक, नीट बंद करा आणि लगेच चालू करा. जे मोडायचं ते माझ्या डोळ्यांसमोर मोडू दे. निम्मे अंगठा पाठवतात आणि काही करत नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र न चुकता करतात आणि न चुकता फोन करतात.

परवाच्या बुधवारी करवादून म्हणाले, ‘तुम्ही सांगितलं म्हणून बंद केला, आता निळा पडदा आलाय. व्हायरस आहे का?’

‘त्यावर काय लिहिलंय ते वाचा.’

‘इंग्लिश आहे. एम-ओ-के मॅनेजमेंट. कुठलीही की दाबा म्हणतोय. खाली आकडे उलटे चाललेत, सात, सहा...’

ती सिक्युअर बूटची परवानगी होती. नव्यानं शिवलेल्या ड्रायव्हरची किल्ली संगणकाला ओळखीची करून द्यायची असते, आणि दहा सेकंदांत कुणी हात लावला नाही की तो पडदा निघून जातो, मग संगणक त्या ड्रायव्हरला आत येऊच देत नाही.

‘दाबा काका, दाबा!’

‘कुठली?’

‘कुठलीही!’

‘आता चार ओळी आल्यात. पहिली कंटिन्यू बूट.’

‘ती नको. दुसरी. एन्‌रोल.’

‘पासवर्ड मागतोय. कुठला टाकू, ऑफिसचा का बँकेचा?’

‘मागच्या खेपेला मी तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता, तो.’

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. ‘शेवटच्या पानावर तर पाण्याच्या टँकरचे हिशेब आहेत.’

‘त्याच्या आधीचं पान बघा.’